गाजरगवत फुलण्याआधी
(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज आपण एका रोपाविषयी बोलणार आहोत. ते तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. वर्गाला येताना वाटेच्या दोन्ही कडांना तेच उभे होते. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली. फुले बारीक, पांढरी, जणू कोणी तांदळाची कणी उधळली आहे. उंची कमरेएवढी. ओलावा असेल तिथे डोक्याएवढीसुद्धा होते. ओळखले ना?

कोणी त्याला गाजरगवत म्हणते. कोणी पांढरफुली म्हणते, कोणी चटकचांदणी. कोणी काँग्रेस गवत म्हणते. फुले पांढऱ्या टोपीसारखी दिसतात म्हणून ते नाव पडले, असे लोक सांगतात. नावे चार, रोप एकच. आणि गवत म्हटले तरी ते खरे गवत नाही, बरं का. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्या कुळातले ते झुडूप आहे. पण लोकांच्या तोंडी गाजरगवत हे नाव बसले आहे. आपणही तेच वापरू.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, तणाचं काय एवढं? तण आम्ही जन्मापासून काढतोय. लव्हाळा काढतो, हरळी काढतो. त्यात हे एक."

नाही. हे तण निराळे आहे. लव्हाळा पिकाला खातो. हे पिकाला त्रास देते, जनावराला त्रास देते आणि माणसाच्या अंगालाही बाधते. शिवाय ते नुसत्या शेतात वाढत नाही. जिथे कोणाचे लक्ष नाही, तिथे ते आधी वाढते. मग तिथून आपल्या दारात येते. म्हणून आजचा विषय घेतला आहे.

आधी ते आले कुठून, ते पाहू.

हे रोप मूळचे आपल्या देशातले नाही. त्याचे घर दूर अमेरिका खंडात, मेक्सिको आणि त्याच्या आजूबाजूच्या मुलखात आहे. आपल्याकडे ते अभ्यासकांच्या नजरेस पडले ते १९५५ च्या सुमारास, आणि तेसुद्धा आपल्या पुण्यातच. १९५६ साली राव नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची शास्त्रीय नोंद छापून प्रसिद्ध केली. त्या काळात देशात धान्याची टंचाई होती. परदेशातून आगबोटी भरून गहू येत असे. त्या धान्याबरोबर हे बी आले, असे पुष्कळ जाणकार मानतात.

पुण्यात दिसलेले हे रोप पुढे देशभर पसरले. जवळजवळ सर्व राज्यांत ते आज आहे. मध्य प्रदेशात जबलपूर येथे तणांचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आहे. तिचा अंदाज असा, की देशात सुमारे साडेतीन कोटी हेक्टर जमिनीवर हे रोप पसरले आहे. आपल्या साऱ्या महाराष्ट्राची जमीन मोजली, तर ती तीन कोटी हेक्टरांच्या थोडी वर भरते. म्हणजे एका महाराष्ट्रापेक्षा जास्त जागा या एका रोपाने व्यापली आहे.

आता असे पाहा. रानात, दाट झाडीत हे रोप फारसे दिसत नाही. चांगल्या दाट गवताच्या कुरणातही ते कमी दिसते. पण शहराच्या वेशीवर जा. हडपसर, मांजरी, वाघोली, कात्रज, कुठेही जा. रेल्वेच्या कडेला, कालव्याच्या काठावर, नव्या इमारतीच्या मागे, रिकाम्या प्लॉटमध्ये ते माजलेले असते. असे का?

कारण या रोपाला उघडी, उकरलेली जमीन आवडते. दाट गवतात त्याच्या बारीक रोपाला ऊन मिळत नाही. उघड्या जमिनीत त्याला अडवणारे कोणी नसते.

शहर वाढते तेव्हा काय होते? शेत विकले जाते. प्लॉट पडतात. यंत्र येऊन वरची माती खरवडून नेते. त्या मातीबरोबर हरळी जाते, मारवेल जाते, पवना जातो. जमीन उघडी पडते. मालक तारेचे कुंपण घालतो, नावाची पाटी लावतो आणि आपल्या गावी निघून जातो. पाच वर्षे, दहा वर्षे तो प्लॉट तसाच राहतो. भाव वाढायची वाट पाहत असतो ना! अशा जमिनीला मालक असतो, पण वाली नसतो. पहिला पाऊस पडला, की तिथे गाजरगवत उगवते.

बी तिथे येते कसे, तेही पाहा. बी फार बारीक, काळे, मोहरीपेक्षाही लहान असते. ते वाळूच्या ट्रकमधून येते. मुरमातून येते. गाडीच्या चाकाला लागलेल्या चिखलातून येते. कालव्याच्या पाण्यावर तरंगत येते. चाऱ्याच्या पेंढीतून येते. कच्च्या शेणखतातून येते. माणसाच्या चपलेला आणि जनावराच्या खुराला चिकटून येते. शहराच्या वेशीवर या सगळ्यांची ये-जा रात्रंदिवस चालू असते. म्हणून शहराची वेस ही या रोपाची पेठ झाली आहे.

आणखी एक गोष्ट. मोकळ्या जागेत आपली गुरे चरतात. गुरे शहाणी असतात. ती चांगले गवत खातात आणि हे कडू झुडूप सोडून देतात. त्यामुळे चांगले गवत दर वर्षी कमी होते आणि हे दर वर्षी वाढते. गुरांच्या तोंडूनच ते निवडले जाते, म्हणा ना.

आता पाटी-पेन्सिल घ्या. एक हिशोब करू. परवाच आपण शंभराचे पाढे पाहिले. ते इथे कामाला येतील.

ज्याला आपण या रोपाचे एक फूल म्हणतो, त्यात ५ बिया होतात. चांगल्या वाढलेल्या रोपाला हजारो फुले येतात. म्हणून एका रोपाला १०,००० पासून २५,००० पर्यंत बिया धरतात. आपण कमीतला आकडा घेऊ. लिहा, १०,०००.

आता असे धरू, की १०० बियांतल्या ९९ वाया गेल्या. मुंग्यांनी नेल्या, उन्हाने जळाल्या, वाहून गेल्या. १०० त फक्त १ उगवली. तर रोपे किती? १००.

त्या १०० रोपांच्या बिया किती? १०,००,०००. दहा लाख.

पुन्हा १०० त १ च उगवली असे धरा. रोपे झाली १०,०००. एका चौरस फुटाला एक रोप धरले, तर नऊ गुंठ्यांहून जास्त जागा भरली. एका रोपापासून, दोनच पिढ्यांत!

आणि दोन पिढ्या म्हणजे दोन वर्षे, असे समजू नका. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात हे रोप फुलावर येते. ओलावा मिळाला तर वर्षातून दोनदा-तीनदा त्याची पिढी होते. सगळे बी एकदम उगवतही नाही. काही मातीत दडून राहते आणि वर्षानुवर्षे जिवंत असते. म्हणून एकदा रान साफ केले, की पुढच्या वर्षी पुन्हा हिरवे दिसते आणि माणूस कंटाळतो.

पण हाच हिशोब उलटा करून पाहा. फुलण्याआधी तुम्ही एक रोप उपटले, तर काय केले? १०,००० बिया जन्माला येण्याआधीच काढल्या. फुलल्यावर उपटले, तर बी झटकून सगळ्या रानात पेरले. काम तेच, कष्ट तेच. वेळ चुकली की कष्ट उलटे पडतात. आजच्या भाषणातली एवढीच गोष्ट तुमच्या ध्यानात राहिली, तरी मला पुरे आहे.

आता हे रोप काय त्रास देते, ते सांगतो.

पहिला त्रास माणसाला. या रोपाच्या पानांवर, खोडावर, फुलांवर बारीक लव असते. त्यात पार्थेनिन नावाचे विषारी द्रव्य असते. पहिल्या स्पर्शाला बहुधा काही होत नाही. पुष्कळांना जन्मभर काही होत नाही. पण काही माणसांना वारंवार संपर्क आला, की त्यांच्या अंगाला ते बाधू लागते. एकदा बाधू लागले, की सहसा सुटत नाही. मग थोडासा स्पर्शही पुरतो. वाळलेल्या रोपाचा भुगा वाऱ्याने उडतो. म्हणून ज्याने रोपाला हात लावला नाही, त्यालाही ते बाधते. पापण्या सुजतात. मान, चेहरा, हात, कोपराच्या घड्या लाल होतात. आग होते, खाज सुटते, पाणी सुटते. पुढे कातडी जाड आणि काळी पडते. फुलांच्या परागांनी काहींना शिंका येतात, नाक वाहते, दम्याचा त्रास वाढतो. पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली या कातडीच्या विकाराविषयी लिहून तो जगातल्या डॉक्टरांपुढे मांडला.

आमच्या शेजारच्या गावात एक माळवे करणारे गृहस्थ आहेत. वांगी, मिरची, कोथिंबीर करायचे. रोज पहाटे रानात जायचे. पन्नाशीत त्यांना हा त्रास सुरू झाला. आधी पापण्या सुजल्या. मग चेहऱ्याची कातडी जाड झाली, सुरकुतली. लोक काय म्हणू लागले असतील? "महारोग झाला." चहाच्या दुकानात त्यांचा कप वेगळा ठेवू लागले. लग्नाच्या पंगतीला बोलावणे थांबले. घरातल्या मुलीचे जमत आलेले लग्न लांबले. देवऋषी झाला, अंगारा झाला, पैसा गेला. शेवटी मोठ्या दवाखान्यात निदान झाले, की हा महारोग नव्हे. हा लागण होणारा रोगच नव्हे. गाजरगवताने अंगावर उठलेला हा विकार आहे. डॉक्टरांनी सांगितले, रानात जाऊ नका. ज्याचे पोट रानावर, त्याने रानात जायचे नाही! त्यांनी जमीन विकली. आज त्या जमिनीचे प्लॉट पडले आहेत. जाऊन पाहा, त्या प्लॉटमध्ये काय उगवले आहे.

म्हणून दोन गोष्टी मनात पक्क्या करा. असा माणूस दिसला, तर त्याला दूर लोटू नका. त्याच्याशेजारी बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने हा त्रास कोणाला होत नाही. आणि महारोग असला, तरी तोही औषधाने बरा होतो. माणसाला वाळीत टाकणे हे कोणत्याच रोगाचे औषध नव्हे. दुसरी गोष्ट, अशी खाज उठली तर घरचे लेप थापत बसू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. दुकानातून कोणतेही मलम आणून महिनोन्महिने चोळू नका. त्यानेही कातडी बिघडते.

दुसरा त्रास जनावरांना. चारा कमी पडला, की भुकेले जनावर हे झुडूप खाते. थोडे खाल्ले तरी दुधाला कडवट वास येतो. डेअरीवर असे दूध परत येते. फार खाल्ले तर तोंडाला फोड येतात, पोट बिघडते, अंगावर चट्टे उठतात. चाऱ्यात ते फारच आले, तर जनावर दगावतेही. विकतचा चारा घेताना पेंढी सोडून पाहत जा.

तिसरा त्रास पिकाला. हे रोप पिकाचे पाणी आणि खत खाते, ते तर खरेच. शिवाय त्याच्या मुळांतून, गळलेल्या पानांतून असे द्रव्य मातीत उतरते, की आजूबाजूचे बी नीट उगवत नाही. त्याचे पराग उडून टोमॅटो, वांगी, मिरचीच्या फुलांवर बसतात. त्यामुळेही फळधारणा कमी होते. बांधापलीकडचे गवत, पण नुकसान बांधाच्या आत.

आता उपाय. कोणी म्हणेल, "हे देशभर पसरलंय. आपण चार माणसांनी उपटून काय संपणार?" बरोबर आहे. देशातून ते आपण संपवणार नाही. पण आपली वस्ती, आपली शाळा, पाणवठा, मुलांच्या खेळायची जागा आणि शेताला जायची वाट एवढे तर आपण राखू शकतो? घरात झुरळ आहे म्हणून कोणी घर सोडत नाही. आपण रोज केर काढतोच.

पहिला उपाय उपटणे. पावसाळा सुरू झाला की तीन-चार आठवड्यांत रोपे ओळखू येतात. तेव्हा पाने जमिनीलगत गोल पसरलेली असतात, मधून दांडा वर निघत असतो. माती ओली असते, मूळ सहज सुटते. तीच वेळ. विळ्याने कापू नका. कापले तर बुडातून पुन्हा फुटवा येतो. मुळासकट उपटा. पुन्हा ऑगस्टमध्ये एक फेरी करा. पाऊस संपताना आणखी एक. अशा तीन फेऱ्या दर वर्षी, आणि निदान चार-पाच वर्षे. मातीतले बी हळूहळू सरते.

उपटताना काळजी घ्या. उघड्या हातांनी उपटू नका. हातमोजे घाला. मोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या जाड पिशव्या हाताला बांधा. पुऱ्या बाह्यांचे कपडे घाला. नाकातोंडाला फडके बांधा. काम झाल्यावर साबणाने अंघोळ करा आणि ते कपडे वेगळे धुवा. लहान मुलांना या कामाला लावू नका. ज्यांना दमा आहे, ज्यांच्या अंगावर एकदा खाज उठली आहे, त्यांनी बाजूलाच राहावे.

इथे मला जरा कडक बोलू द्या. आपल्या वस्तीतल्या बाया रोजाने प्लॉट साफ करायला जातात. मुकादम त्यांना विळा देतो, मोजे देत नाही. बाई विचारत नाही, कारण उद्याचे काम जाईल. भगिनींनो, एकटीने विचारले तर काम जाईल. दहा जणींनी मिळून विचारले तर मोजे येतील. मोज्यांच्या जोडीला किंमत ती किती? आणि हातांना किंमत किती? रोज मिळतो तो हातांमुळेच मिळतो.

दुसरा उपाय, उपटलेल्या रोपांचे खत. फुले आली नसतील, तर त्याचे खत चांगले होते. ३ फूट खोल, ६ फूट रुंद, १० फूट लांब खड्डा घ्या. एक थर रोपांचा, त्यावर शेणकाला, त्यावर माती, असे थर द्या. खड्डा भरला की वरून शेणमातीने लिंपून टाका. पाच-सहा महिन्यांनी खत तयार होते. फुललेली रोपे मात्र खतात टाकू नका. ती गोणीत भरून वाहा, रस्त्याने ओढत नेऊ नका. खोल खड्ड्यात पुरा आणि तो खड्डा पुन्हा उकरू नका. ढीग करून पेटवू नका. धूर डोळ्यांत आणि छातीत जातो.

तिसरा उपाय, टाकळा. काहीजण त्याला तरोटा म्हणतात. पावसाळ्याच्या आरंभी आपण त्याची कोवळी भाजी खातो, तोच. टाकळा दाट वाढतो आणि गाजरगवताला सावलीत दाबून टाकतो. दिवाळीच्या सुमारास टाकळ्याच्या शेंगा वाळतात. त्या गोळा करून बी ठेवा. पावसाच्या आधी पडीक जागेत फेकून द्या. खर्च काही नाही. एका वर्षात फरक दिसेल असे नाही. दोन-तीन वर्षे धीर धरा. झेंडूचाही असा उपयोग होतो.

चौथा उपाय, एक किडा. हा मेक्सिकन भुंगा. गाजरगवताच्या मूळच्या मुलखात तो त्याची पाने खाऊन जगतो. आपल्या शास्त्रज्ञांनी तो १९८३ साली मेक्सिकोतून बंगळूरला आणला, तपासला आणि १९८४ मध्ये मोकळा सोडला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा असतो. रंग मळकट पांढरा, पाठीवर गडद तपकिरी रेघा. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या पानांचा फडशा पाडतात. हिवाळ्यात तो जमिनीत जाऊन झोपतो आणि पावसाळ्यात पुन्हा वर येतो. मध्यंतरी सूर्यफुलाच्या पिकावर तो दिसला म्हणून शेतकरी घाबरले होते. पण पुढे तज्ज्ञांनी चौकशी केली आणि पिकांना त्याचे भय नाही असे ठरले. गाजरगवतावर असा रेघांचा भुंगा दिसला, तर त्याला मारू नका. भोके पाडलेल्या डब्यात पाल्यासकट चार-पाचशे भुंगे धरा आणि जिथे ते नाहीत अशा गाजरगवतावर सोडा. तो सगळे रान साफ करील अशी आशा मात्र धरू नका. तो मदतनीस आहे. धनी आपणच.

पाचवा उपाय, तणनाशक औषध. तो शेवटचा समजा. औषध मारायचेच असेल, तर आता तुम्हांला वाचता येते, तेव्हा आधी बाटलीवरची चिठ्ठी वाचा. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल त्रिकोण म्हणजे अतिशय विषारी. त्याच्या खाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे कमी विषारी. कमी म्हणजे बिनविषारी नव्हे. काही तणनाशकांचा फवारा वाऱ्याने उडून शेजारच्या टोमॅटोवर, द्राक्षांवर, कपाशीवर गेला, तर ते पीक करपते. शेजाऱ्याशी भांडण होते ते वेगळेच. विहिरीजवळ, कालव्याजवळ फवारू नका. आणि जिथे भुंगा कामाला लागला आहे, तिथे औषध मारू नका.

एवढे उपाय झाले. पण खरा प्रश्न उरतोच. आपले शेत आपण साफ करू. शेजारच्या प्लॉटचे काय? त्याला तर कुंपण आहे. मालक शहरात आहे. आत जावे तर तो म्हणेल, माझ्या जागेत का शिरलात?

त्याचे उत्तर तुमच्या हातातल्या पेन्सिलीत आहे. जागेच्या सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते. ग्रामपंचायतीत घरपट्टीच्या दप्तरात पत्ता मिळतो. त्याला पत्र लिहा. पत्र कसे लिहायचे, ते मी फळ्यावर लिहून देतो. तुम्ही वहीत उतरवून घ्या.

श्री. ............ यांस,
स. न. वि. वि.
गट नंबर ...... मधील आपला प्लॉट आमच्या वस्तीला लागून आहे. त्यात गाजरगवत वाढले आहे. त्यामुळे वस्तीतील माणसांना व जनावरांना त्रास होतो. तरी फुले येण्याआधी ते मुळासकट काढून घ्यावे. काढणाऱ्या मजुरांना हातमोजे द्यावेत. आपणांस येणे जमत नसेल, तर तसे कळवावे. मजुरीचा खर्च आपण दिल्यास वस्तीतील मंडळी ते काम करतील.
कळावे,
आपले,
(वस्तीतील रहिवाशांच्या सह्या)

खाली सह्या करा. अंगठे नकोत, सह्या. जितक्या जास्त, तितके बरे. एक प्रत ग्रामपंचायतीला द्या आणि तिची पोच घ्या. उत्तर आले नाही, तर ग्रामसभेत विषय मांडा. अनेक गावांत १५ ऑगस्टला ग्रामसभा असते. आणि जबलपूरची ती संस्था दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा गाजरगवताविषयी जागृती करण्यासाठी पाळते. ग्रामसभेत ठराव करा आणि दुसऱ्या दिवशीपासून कामाला लागा. कर्नाटक सरकारने तर १९७५ सालीच कायद्याखाली हे उपद्रवी तण म्हणून जाहीर केले होते. म्हणजे ही काही चार रिकाम्या लोकांची तक्रार नव्हे.

आणि साफ केलेली जागा उघडी ठेवू नका. हे विसरलात तर सगळे कष्ट मातीत गेले. तिथे टाकळा टाका, मारवेल लावा, झेंडू लावा, झाडे लावा. काही तरी हिरवे उभे राहू द्या. रिकामी जागा रिकामी राहत नाही. आपण काही लावले नाही, तर गाजरगवत लागलेच म्हणून समजा.

गाव करी ते राव न करी, असे आपल्यात म्हणतात. प्लॉटचा राव शहरात आहे. गाव इथे आहे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता शाळेच्या मागच्या बाजूला जमू. रोपे अजून कोवळी आहेत, फुले आलेली नाहीत. येताना मोजे किंवा पिशव्या आणा, तोंडाला बांधायला फडके आणा. मुलांना घरी ठेवा.

आणि वही आणायला विसरू नका. काम झाल्यावर तिथेच बसून पत्र लिहायचे आहे.